सेल नंबर दोनचं दार

“थांबवा मॅडम,” मगदूम मामा म्हणाले. “कोपऱ्यावर आवाज परत तुटला.”

मी बटण दाबलं. जाळीच्या आत रोबोटचा पिवळा हात जागच्या जागी थबकला. वेल्डिंगच्या टॉर्चच्या तोंडातली लालबुंद तार धुरात क्षणभर दिसली आणि विझली.

“मला तर काही वेगळं ऐकू आलं नाही,” मी म्हणाले.

“येणार न्हाई. अजून सवय न्हाई तुमाला.” मामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. “वेल्डिंग नीट चाललं असलं की कढईत भजी सोडल्यावर येतोय तसा एकसारखा आवाज येतोय. ह्यो सरळ जातोय तवर झकास. कोपऱ्यावर वळला की मधेच गप्प. डोळ्याचं पातं लवतंय तेवढंच, पण गप्प. तिथं छिद्र सापडणार बघा.”

वेल्ड केलेला जॉब गार झाल्यावर आम्ही कोपरा घासून पाहिला. टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं होती.

ही दोन हजार आठ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलला धरून ठेवणारे लोखंडी सांगाडे आम्ही बनवायचो. आतापर्यंत ते हातानं वेल्ड होत; त्या पावसाळ्यानंतर रोबोटचे दोन सेल आले. मी चोवीस वर्षांची होते, इचलकरंजीची, डिप्लोमा करून पुण्यात सहा आठवडे रोबोट चालवायचं शिकून आलेली. अख्ख्या शॉपवर मी एकटीच मुलगी. सेल नंबर दोन माझ्या ताब्यात दिला होता आणि त्यावर चालक म्हणून होते जिन्नाप्पा मगदूम.

मामा कुंभोजचे. वय बावन्न. सत्तावीस वर्षं त्यांनी हातानं वेल्डिंग केलं होतं आणि त्यांचा सांधा तपासायला कुणी भिंग काढत नसे. आमचे उत्पादन प्रमुख घोरपडे साहेब मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “रोबोटला हात आहे, कान नाही. कान मगदूमचा वापर.”

शॉपवरचे लोक मामांना चिडवायचे. “मामा, स्वतःच्या हातानं मशीनला आपली जागा देताय!”

मामा हसायचे. “घे की म्हणावं. सत्तावीस वर्षं वाकून वाकून कंबर गेली, डोळं अर्धं गेलं. आता ह्यो वाकतोय तर वाकू दे.”

पण मला त्यांनी सहजासहजी रोबोटला काही शिकवू दिलं नाही. “आधी हातानं मारायला शिका. मग त्याला शिकवा.” दोन आठवडे त्यांनी मला हेल्मेट घालून भंगारातल्या पट्ट्या जोडायला बसवलं. एकदा हेल्मेट वर करण्यात माझी गफलत झाली आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, “दुधात कापूस भिजवून ठेवला का डोळ्यावर? न्हाई? मग काय शिकवलं तुला आईनं?” त्या दिवसापासून ‘मॅडम’ गेलं आणि मी ‘वैजू’ झाले. वैजयंती हे पूर्ण नाव फक्त हजेरीच्या कार्डावर आणि साहेबांच्या तोंडी उरलं.

सेल म्हणजे काय ते सांगायला हवं. जाळीनं आणि गडद पडद्यांनी बंद केलेली एक खोली. मधोमध रोबोट, त्याच्या दोन बाजूंना दोन टेबलं. एका टेबलावर तो वेल्ड करत असतो, तोवर बाहेरचा माणूस दुसऱ्या टेबलावर सुटे भाग चढवतो आणि हिरवं बटण दाबतो. पहिलं काम संपलं की रोबोट गरकन दुसरीकडे वळतो. टेबलांसमोर न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक पडदा असतो; त्यात नुसतं बोट गेलं तरी रोबोट थांबतो. आणि बाजूला एक दार. माणसानं आत जायचं ते फक्त त्या दारानं. दार उघडलं की रोबोटची ताकदच तुटते. दार लावून त्याला परत उठवायला चार-पाच मिनिटं जातात.

टॉर्चच्या तोंडाशी वितळलेल्या लोखंडाचे छरे चिकटतात. ते खरवडायला मामा दिवसातून आठ-दहा वेळा दार उघडून आत जायचे.

कोपऱ्यावरच्या छिद्रांनी आम्हाला तीन आठवडे छळलं. मी करंट बदलला, वेग बदलला, टॉर्चचा कोन बदलला. आत जाऊन, रोबोटला शिकवायची पेटी हातात धरून तो हळू चालवून पाहावा, तर तेव्हा सांधा अगदी निर्मळ यायचा. दार उघडं असताना रोबोट फक्त त्या पेटीवर आणि गोगलगाईच्या चालीनंच चालतो, तशी त्याच्यावर सक्ती असते. आणि त्या चालीत दोष दिसत नव्हता. पूर्ण वेगात काय होतंय ते बाहेरून, गडद पडद्यातून कळत नव्हतं.

शुक्रवारी ट्रॅक्टर कंपनीची माणसं येणार होती. गुरुवारी सकाळी घोरपडे साहेब सेलपाशी आले.

“वैजयंती, उद्या त्यांना छिद्र दिसलं तर हे काम परत हातावर जाईल. आणि रोबोट आणायचा हट्ट माझा होता, हे वरच्यांना चांगलं लक्षात आहे.”

“आज सापडेल, सर.”

“हे तू तीन आठवडे म्हणतेयस.”

ते गेल्यावर मामा म्हणाले, “जीवाला लावून घेऊ नकोस. आवाज कोपऱ्यावरच तुटतोय, दुसरीकडं न्हाई. म्हणजे दोष वळण्यात हाय, मारण्यात न्हाई. वळताना काय हालतंय ते बघ.”

साडेतीनला चहाची घंटा झाली. मामा गेले. पलीकडच्या टेबलावर भाग चढवणारा शंकरही गेला. त्या दहा मिनिटांत मला दोष सापडला. हात कोपऱ्यावर झटक्यानं वळताना तारेची केबल त्याच्या मनगटाशी दुमडत होती. आतली तार क्षणभर अडकायची आणि सुटायची. तेवढंच होतं. केबल बांधायची क्लिप चार बोटं मागं घेतली की काम झालं असतं.

मी पळत सुटले. शॉपमधून पळू नये असा नियम होता, पण मी घोरपडे साहेबांच्या ऑफिसापर्यंत पळत गेले, धापा टाकत दार ढकललं आणि त्यांच्या टेबलावरच्या कागदावर केबल कशी दुमडते त्याचं चित्र काढायला लागले. साहेब खुर्चीतून उठून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. “शाबास,” ते म्हणाले. “मगदूमला सांगितलंस?”

“आता सांगते.”

तेव्हाच शॉपमधून आरडाओरडा ऐकू आला.

आम्ही पोचलो तेव्हा कुणीतरी लाल बटण दाबलेलं होतं. शंकर कपाळावर हात मारत ओरडत होता, “मला काय ठाऊक आत हाईत! मी बटण दाबलं, मला काय ठाऊक!” सेलचं दार सताड उघडं होतं. साहेब टेबलाच्या बाजूनं गेले, मी दाराकडे धावले. दाराशी क्षणभर थांबले आणि आत गेले.

मामा टेबलाच्या कडेला पडले होते. वळणाऱ्या हातानं त्यांना टेबलावरच्या, भाग पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरवर दाबलं होतं. डोकं लोखंडावर आपटलं होतं आणि उजवा हात कोपराखाली हात म्हणण्यासारखा राहिला नव्हता. डोळे उघडे होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते माझ्याकडे बघत होते, पण मला ओळखत होते असं वाटत नाही.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांचा हात कोपरापासून काढला. बारा दिवस ते शुद्धीत नव्हते.

त्या बारा दिवसांत चौकशी झाली. कारखाना निरीक्षक आले. त्यांनी दाराचा स्विच तपासला, दहा वेळा दार उघडून पाहिलं. दहाही वेळा रोबोट बंद पडला. प्रकाशाचा पडदा तपासला, तोही चालू. मग त्यांच्या लक्षात आलं की पडदा जमिनीपासून सव्वा फूट वर सुरू होतो. माणूस पोटावर झोपला तर खालून सरकून आत जाऊ शकतो.

“दारानं गेला असता तर रोबोट बंद पडला असता,” निरीक्षक म्हणाले. “रोबोट चालू होता, म्हणजे तो दारानं गेला नाही. दार मागाहून मदतीला धावलेल्यांनी उघडलं असणार. परत चालू करायला पाच मिनिटं जातात, ती वाचवायला खालून गेला असणार. असं पुष्कळ ठिकाणी होतं.”

घोरपडे साहेब मान हलवत होते. “मगदूम असं करेल असं वाटत नाही हो.”

“करतात. जुनी माणसंच करतात. भीती मेलेली असते.” मग ते माझ्याकडे वळले. “सेल तुमच्या ताब्यात होता. दाराच्या स्विचबद्दल आधी काही तक्रार?”

“नाही,” मी म्हणाले.

“इथं सही करा.”

मी सही केली.

तेराव्या दिवशी साहेब आणि मी मिरजेला गेलो. मामा उशाला टेकून बसले होते. पद्मावती मामी खाटेजवळच्या स्टुलावर मोसंबी सोलत होत्या. साहेबांना पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि रडायला लागल्या.

“काय घाई हुती हो ह्यांना? पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळलं असतं? मी ह्यांना तेच इचारतोय, तर म्हणत्यात काय आठवंना.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. “वैजू, खरंच काय आठवंना गं. सकाळी डबा घेऊन निघालेलं आठवतंय. मग एकदम हितलं छप्परच. तू हुतीस न्हवं? कसं झालं, तू सांग.”

साहेब खिडकीकडे बघत होते. मामी मोसंबी सोलायच्या थांबल्या.

“मी ऑफिसात होते, मामा,” मी म्हणाले.

“पण मी आत गेलो कसा? दारानं जातोय की मी. न्हेमी.”

“तुम्ही पडद्याच्या खालून गेलात, मामा.”

त्यांच्या कपाळावरच्या टाक्यांच्या वर आठ्या पडल्या. ते आठवायचा प्रयत्न करत होते. मग आठ्या सैल झाल्या.

“असंल,” ते म्हणाले. “तू म्हणतीस म्हणजे असंल.”

शुक्रवारची भेट पुढं ढकलली गेली होती, ती डिसेंबरात झाली. क्लिप मागं घेतल्यावर छिद्रं गेली. पडद्याखालची फट पत्रा मारून बंद केली. मामांना चार महिन्यांनी स्टोअरमध्ये बसवलं. डाव्या हातानं ते रजिस्टर लिहायला शिकले. पण दर महिन्याला नव्या मुलांची तुकडी यायची, आणि शॉप दाखवणारे सुपरवायझर स्टोअरच्या खिडकीपाशी थांबून आवाज खाली करायचे. आठ महिने मामांनी ते सोसलं. मग एक दिवस राजीनामा लिहून ठेवला आणि कुंभोजला गेले ते परत आले नाहीत.

नव्या मुलांना सुरक्षिततेचे पाठ द्यायचं काम माझ्याकडे आलं; अपघात माझ्याच सेलवर झाला होता म्हणून. पडद्यावर दाखवायच्या चित्रांत एक चित्र त्या सेलचं होतं. खालच्या फटीभोवती लाल वर्तुळ काढलेलं. “सत्तावीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस,” मी सांगायचे, “पाच मिनिटं वाचवायला इथून आत गेला.” मुलं चुकचुकायची. दर महिन्याला एक तुकडी, अशी अकरा वर्षं. मामांचं नाव मी कधी घेतलं नाही, पण मुलं ते बाहेर जाऊन शोधून काढायची.

या अकरा वर्षांत माझं लग्न झालं, मुलगी झाली, मी सहाय्यक व्यवस्थापक झाले. घोरपडे साहेब निवृत्त झाले. सेल दोनाचे नऊ झाले. कुंभोज शिरोलीपासून काही फार लांब नाही. मी एकदाही गेले नाही.

दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरातल्या तुकडीत वडगावची एक मुलगी होती, समीना अत्तार म्हणून. पहिल्या बाकावर बसायची आणि सगळं वहीत उतरवून घ्यायची. मी लाल वर्तुळ दाखवून बोलून झाले, तेव्हा तिनं हात वर केला.

“मॅडम, त्यांनी स्वतः काय सांगितलं? खालून का गेले म्हणाले?”

“त्यांना काही आठवत नव्हतं. डोक्याला मार लागला होता.”

“मग त्यांना जाताना कुणी बघितलं?”

“कुणी नाही. सगळे चहाला गेले होते.”

ती पेन हातात धरून थांबली. “मग आपल्याला कसं माहीत?”

तिचा काही हेतू नव्हता. तिला वहीत नीट लिहायचं होतं. मी पाणी प्यायले आणि पुढचं चित्र लावलं. त्या दिवशी चौथ्या तासाला मला काय शिकवायचं ते आठवेना. मी मुलांना लवकर सोडलं.

रविवारी दुपारी मी कुंभोजला गेले.

घर शोधायला वेळ लागला नाही. मामा सोप्यात खुर्चीवर बसून शेंगा फोडत होते. शेंग दाताखाली धरायची आणि डाव्या हातानं सोलायची, अशी त्यांनी रीत बसवली होती. केस पांढरे झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं.

“वैजू? अगं ये, ये! किती जाडजूड झालीस! बस. मामी देवळात गेलीया, येईल आता.” ते उठून स्वतः पाणी आणायला निघाले. मी म्हटलं, “मामा, बसा. मला आधी बोलू द्या.”

ते बसले.

मी सांगायला लागले. दाराच्या चौकटीत एक स्विच असतो आणि दाराला लोखंडाची एक जीभ असते. दार लागलं की जीभ स्विचमध्ये बसते आणि दार बंद आहे हे रोबोटला कळतं. कपाटात तशी एक सुटी जीभ होती, बदलीला ठेवलेली. त्या गुरुवारी चहाच्या सुट्टीत मी ती स्विचमध्ये खोचली. दार उघडं असलं तरी रोबोटला ते बंदच वाटलं. बाहेरचं हिरवं बटण दाबून मी आत उभी राहिले, शंकरनं चढवून ठेवलेला जॉब पूर्ण वेगात वेल्ड होताना जवळून पाहिला. केबल दुमडताना दिसली. मला इतका आनंद झाला की मी तशीच साहेबांकडे पळाले. दार नुसतं लोटलं. जीभ स्विचमध्येच राहिली.

“तुम्ही चहावरून आलात,” मी म्हणाले, “आणि नेहमीसारखे दार उघडून आत गेलात. दार उघडलं म्हणजे रोबोट मेला, असं तुम्ही समजलात. तसंच असायला हवं होतं. शंकरनं पलीकडे बटण दाबलं आणि रोबोट वळला.”

मामांच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. ती तशीच होती.

“मग दार तपासलं तवा?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही आत पडला होता. मी धावत आले. दाराशी थांबले, जीभ उपसून काढली आणि खिशात घातली. मग तुमच्याजवळ आले.”

“आधी ती काढलीस?”

“हो.”

“आणि मग माझं डोस्कं मांडीवर घेतलंस?”

“हो, मामा.”

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. मामांनी शेंग सुपात ठेवली. ते रागावतील, ओरडतील, याची मी वाटेत तयारी केली होती. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

“म्हणजे मी दारानं गेलो हुतो,” ते म्हणाले.

“हो.”

“दारानंच गेलो हुतो मी.” त्यांचा आवाज चढला. “पडद्याखालनं न्हाई गेलो. पोटावर न्हाई झोपलो. अगं, अकरा वर्षं मी रोज आठवायला बघतोय. मी खाली वाकलोय, झोपलोय, सरकतोय, असं रोज डोळ्यापुढं आणतोय. म्हणतोय, जिन्नाप्पा, कसली बुद्धी झाली तुला? आणायचं आणायचं म्हणून आता तर ते दिसायलाबी लागलं हुतं मला! फरशीचा गारवा सुदिक लागायचा पोटाला!” ते उभे राहिले. “चल.”

“कुठं?”

“चल म्हणतोय न्हवं.”

त्यांनी पायात चप्पल सरकवली आणि घराबाहेर पडले. मी मागं. शेजारच्या घरात त्यांचे थोरले भाऊ आण्णासो वर्तमानपत्र वाचत बसले होते. मामा उंबऱ्यात उभे राहिले. “आण्णा, ही आमच्या कंपनीतली मॅडम. ही काय सांगतीया ते ऐक.” आणि मला म्हणाले, “सांग.”

मी सांगितलं. आण्णासोंनी चष्मा काढला. ते काही बोलायच्या आत मामा पुढच्या घराकडे निघाले होते.

दूध डेअरीचा सचिव ओसरीत हिशेब करत बसला होता. त्याला सांगितलं. पिठाच्या गिरणीवाल्याला गिरणी बंद करायला लावून सांगितलं. मामांबरोबर शाळेत असलेला एक म्हातारा पारावर होता. तो बहिरा होता, त्याच्या कानाशी तोंड नेऊन मला ओरडून सांगावं लागलं. “जीभ मी खोचली होती! मी काढून घेतली! ते दारानं गेले होते!” आजूबाजूची माणसं जमली. कुणी मला शिवी दिली नाही. एक बाई एवढंच म्हणाली, “आणि ह्यास्नी आम्ही काय काय म्हणालोय.” प्रत्येक ठिकाणी मामा माझ्या शेजारी उभे राहायचे, उजव्या बाहीचं मोकळं टोक डाव्या हातात धरून, आणि मी बोलत असताना ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे.

सहाव्या की सातव्या घरी माझा आवाज बसला. मी “दार” म्हणाले आणि पुढं शब्द फुटेना. मामांनी थोडी वाट पाहिली. मग स्वतःच सांगितलं.

पुढं मी कंपनीला सगळं लिहून दिलं. कंपनीच्या वकिलानं मला तीनदा विचारलं, की हे आता उकरून काय मिळणार. निरीक्षक कार्यालयात जाऊन मी जबाब दिला. माझी नोकरी गेली. जायलाच हवी होती. पाठातलं चित्र काढलं, आणि माझ्याजागी शिकवायला आलेल्या माणसानं खरं काय ते मुलांना सांगायला सुरुवात केली, असं समीनानं मला फोनवर सांगितलं. गेल्या फेब्रुवारीत मामा वारले. मला ते दहा दिवसांनी कळलं.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलंय.

आम्ही परत घरी आलो तेव्हा ऊन कललं होतं. पद्मावती मामी देवळातून येऊन चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. मला पाहून त्या लगबगीनं उठल्या. “अगं बाई, कवा आलीस? आता जेवूनच जा. दोन भाकरी जास्त टाकतो, काय लांबण लागत न्हाई.”

“हिला सांग,” मामा मला म्हणाले.

मला बोलता येईना. मामांनीच सांगितलं. आधी दहा-बारा जणांना सांगितलं होतं तसं नाही; एकदम हळू, भिंतीला टेकून, थांबत थांबत सांगितलं. मामी हातातलं पीठ झाडायचंही विसरल्या. सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली.

त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. त्या मामांपुढं जाऊन खाली बसल्या.

“अकरा वर्षं मी तुमाला बोलत आलो,” त्या म्हणाल्या. “ताट वाढताना बोललो. तुमची अंगरख्याची गुंडी लावताना बोललो, की पाच मिनिटं थांबला असता तर आज मला हे करावं लागलं नसतं. पोरीच्या लग्नात चार माणसांत बोललो. तुमी एकदाबी उलटून बोलला न्हाई.” त्यांनी पिठाचे हात जोडले. “मला क्षमा करा.”

मामा त्यांच्या डोक्यावर डावा हात ठेवून उभे राहिले. चुलीवर तवा तापून धुरायला लागला होता, तो कुणी उतरवला नाही.

मीही घरून निघताना तेच मागायचं ठरवून आले होते. वाक्य पाठ केलं होतं. ते न बोलताच मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. भाकरीला थांब असं मागून कुणी म्हणालं नाही.